बरं वाटतंय तेव्हाच जा: नैराश्य उलटू नये म्हणून बोलण्याचे उपचार कसे घ्यायचे

गोळ्या सुरू होऊन काही महिने झालेत. झोप लागते, जेवण जातं, दुकानात पुन्हा मन रमतं. आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "बरं वाटायलंय की आता, मग कशाला जायचं डॉक्टरकडं?" हा लेख नेमका त्या दिवसांसाठी आहे. नैराश्य परत येऊ नये म्हणून थेरपी, म्हणजे बोलण्याचे उपचार, घ्यायची तर ती शिकण्याची सगळ्यात चांगली वेळ हीच. अंगात ताकद असते, डोकं चालतं, सांगितलेलं लक्षात राहतं. आजार पुन्हा अंगावर आल्यावर अंथरुणातून उठणंच जड जातं, तेव्हा नवीन काही शिकणं बाजूलाच राहतं.

मी स्वतः दोनदा या आजारातून गेलो आहे आणि सोलापुरातच राहतो. डॉक्टर नाही. त्यामुळे औषधांबद्दल जे लिहितो ते आपल्या डॉक्टरांना विचारण्यासाठी आहे, परस्पर करण्यासाठी नाही.

आधी एक तातडीची गोष्ट. तुम्हाला आत्ता, हे वाचताना, जीव नकोसा झाला असेल तर लेख बाजूला ठेवा आणि १४४१६ हा नंबर लावा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, चोवीस तास चालते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. जवळच्या माणसाला सोबत घेऊन सरळ सिव्हिलच्या अपघात विभागात गेलात तरी चालेल. रात्रीचे किती वाजलेत याचा विचार करू नका.

हा आजार उलटतो का?

मानसोपचाराच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं दिले जाणारे आकडे असे: नैराश्य एकदा येऊन गेलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना ते पुन्हा येतं, दोनदा येऊन गेलेल्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांना आणि तीनदा येऊन गेलेल्यांपैकी सुमारे ९० टक्क्यांना. आकडे घाबरवणारे आहेत, पण ते बहुतांशी मोठ्या दवाखान्यांपर्यंत पोचलेल्या, म्हणजे जास्त आजारी असलेल्या लोकांवरून आलेले आहेत. कल मात्र खरा आहे. जितक्या वेळा येऊन गेलं, तितकं पुन्हा येणं सोपं होतं. आजार 'बरा' झाल्यावरही झोप तुटत राहणं, थकवा, चिडचिड असं काही मागं उरलं असेल तर धोका आणखी वाढतो.

असं का होतं, याचं एक उत्तर मला फार पटलं. आजारपणात मन खिन्न असतं आणि त्याच वेळी 'मी कामाचा नाही', 'माझ्यामुळं घराची वाट लागली' असे विचार रात्रंदिवस चालू असतात. दोन्हींची गाठ बसते. आजार जातो, गाठ तशीच राहते. मग वर्षभरानं एखाद्या साध्या कारणानं मन खट्टू झालं, की त्याला धरून सगळे जुने विचार ओळीनं वर येतात. ज्याला हा आजार कधी झालाच नाही, त्याचं मन खट्टू होतं आणि संध्याकाळपर्यंत ठीक होतं. आपलं होत नाही. बोलण्याच्या उपचारांत काम चालतं ते या गाठीवर.

पहिली पायरी: गोळ्यांचा विषय आधी मिटवा

थेरपी सुरू केली म्हणून गोळ्या बंद करायच्या नसतात. बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावं, असं साधारणपणे सांगितलं जातं. आजार आधी अनेकदा झाला असेल तर त्याहून जास्त. एकदम सोडलं तर चक्कर, डोक्यात झटके बसल्यासारखं वाटणं, झोप उडणं, चिडचिड असे त्रास होतात, आणि माणसाला वाटतं आजारच परत आला. सोडायचंच असेल तर हळूहळू, डॉक्टर सांगतील त्या टप्प्यांनी.

यावर झालेले दोन अभ्यास माहीत असावेत. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत बऱ्याच काळापासून गोळ्या घेणारे आणि आता बरं वाटणारे ४७८ लोक होते. वर्षभरात गोळ्या चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांचा आजार उलटला, तर हळूहळू बंद केलेल्यांपैकी ५६ टक्के लोकांचा. म्हणजे नुसतं सोडणं महागात पडतं. त्याआधी २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या चाचणीत तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलेले ४२४ लोक होते. अर्ध्या लोकांनी गोळ्या चालू ठेवल्या. बाकीच्यांना सजगतेवर आधारलेली थेरपी (ती काय, ते चौथ्या पायरीत येईल) दिली आणि गोळ्या कमी करायला मदत केली. दोन वर्षांत थेरपीवाल्यांपैकी ४४ टक्के आणि गोळ्यावाल्यांपैकी ४७ टक्के पुन्हा आजारी पडले. फरक नगण्य. याचा मी लावलेला अर्थ असा की थेरपी हा गोळ्यांना खराखुरा पर्याय होऊ शकतो, पण ती मनापासून शिकली तर आणि डॉक्टर सोबत असतील तर. आणि हेही लपवायचं कारण नाही की दोन्ही बाजूंना जवळपास निम्म्यांचा आजार उलटलाच. शंभर टक्के हमी देणारा कुणी भेटला तर त्याच्या दारातून परत फिरा.

डॉक्टरांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगा. मधल्या काळात कधी उलटं झालं होतं का, म्हणजे झोप न घेताही प्रचंड उत्साह, भराभर बोलणं, वारेमाप खर्च? तसं असेल तर आजार वेगळा असू शकतो आणि उपचारही बदलतात. थायरॉइड, बी-१२ आणि रक्तातलं हिमोग्लोबिन तपासलं नसेल तर तेही विचारा.

दुसरी पायरी: कुणाकडं जायचं

इथं नवखा माणूस गोंधळतो, कारण सगळ्याच पाट्या सारख्या दिसतात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचार शिकलेले डॉक्टर. ते गोळ्या लिहून देऊ शकतात. काही जण थेरपीही करतात, पण ओपीडीतल्या गर्दीत बहुतेकांना तेवढा वेळ मिळत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाहीत. थेरपी हेच त्यांचं शिक्षण आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका, चांगला माणूस तो लगेच सांगतो. तिसरे समुपदेशक. यांत उत्तम शिकलेले आणि अनुभवीही आहेत, आणि चार दिवसांचा कोर्स करून पाटी लावलेलेही. शिक्षण काय, कुठं, किती वर्षांचं, हे स्पष्ट विचारा.

सोलापुरात सुरुवात करायला सिव्हिल, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं सर्वोपचार रुग्णालय, हा सरळ रस्ता आहे. केसपेपर काढा आणि मानसोपचार विभागाची ओपीडी विचारा. मोठ्या सरकारी ओपीडीत, गाव कुठलंही असो, पाऊण तास बसून बोलणं अवघड असतं. म्हणून डॉक्टरांना नेमकं विचारा, "मला आजार उलटू नये यासाठी थेरपी शिकायची आहे, सायकॉलॉजिस्टची वेगळी वेळ मिळेल का?" शहरात खासगी मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यांना ओळखीचे थेरपिस्ट माहीत असतात. गावात मनासारखं कुणी मिळालं नाही तर पुण्या-मुंबईचे थेरपिस्ट व्हिडिओ कॉलवर मिळतात.

भाषेचा मुद्दा आपल्या गावात मोठा आहे. पूर्व भागातल्या किती घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, आणि बाजारात सगळ्यांची मिसळ. कामापुरतं मराठी सगळ्यांनाच येतं, पण भांडताना आणि रडताना जी भाषा तोंडात येते, त्याच भाषेत थेरपी झाली तर ती आत पोचते. तुमचा थेरपिस्ट ती समजणारा असेल तर फारच छान. नसेल तर निदान "मी मधेच घरच्या भाषेत बोललो तर चालेल का?" एवढं विचारून ठेवा.

तिसरी पायरी: पहिला फोन

फोनवर आपली सगळी कहाणी सांगायची गरज नाही. एवढं पुरे (सीबीटी काय, ते चौथ्या पायरीत येईल): "मला आधी दोनदा नैराश्य आलं होतं. सध्या बरं आहे. पुन्हा येऊ नये म्हणून सीबीटी किंवा तत्सम काही शिकायचं आहे. तुम्ही असं काम केलं आहे का? साधारण किती सेशन लागतील? फी किती, आणि मधेच त्रास वाढला तर तुमच्याशी संपर्क कसा करायचा?" उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरा नंबर लावा.

वेळ ठरवताना आपल्या गावाचं वेळापत्रक बघा. नळाला पाणी येण्याच्या दिवशी घरातली बाई बाहेर पडू शकत नाही, हे थेरपिस्टला आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर दर दोन सेशनमागं एक बुडतं आणि मग 'मला जमतच नाही' असं वाटायला लागतं. विड्या करणाऱ्या बायकांचा दिवस हजार विड्यांच्या हिशेबावर चालतो, त्यांनी कारखान्यात विड्या देऊन परतण्याची वेळ धरावी. ऑनलाइन सेशन घेणार असाल तर जागा आधी ठरवा. दोन खोल्यांचं घर आणि शेजारी यंत्रमागाची खटखट असेल तर मनातलं बोलणार कसं? मित्राचं रविवारी बंद असलेलं ऑफिस, उन्हं कलल्यावर गच्ची, सावलीत लावलेली गाडी, काहीही चालतं. कानात हेडफोन हवाच.

कुणी बघेल ही भीती खरी आहे. सात रस्त्यावर उभं राहिलं तर दहा मिनिटांत ओळखीचे तिघे भेटतात, असं हे गाव. पण २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक केलं आहे. जिवाला धोका असेल तेव्हासारखे मोजके अपवाद आहेत, ते पहिल्याच सेशनमध्ये विचारून घ्या.

चौथी पायरी: आत नेमकं काय होतं

'नुसतं बोलून काय होणार' हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर असं की नुसतं बोलणं नसतंच. वही लागते, घरचा अभ्यास लागतो, आणि तो न करता गेलं तर फारसं काही हाती लागत नाही.

सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणारी थेरपी, अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडली. आपल्याकडं त्याच घराण्यातली अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत जास्त ओळखीची आहे. 'असं झालंच पाहिजे' हा हट्ट पकडायला ती शिकवते. थेरपिस्ट दोन्हींतलं मिसळून वापरतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघणारा एक माणूस. सकाळी शेठ आले आणि त्याच्याशी न बोलता केबिनमध्ये गेले. त्याच्या मनात आलं, 'माझ्या हिशेबात चूक सापडली.' तासाभरात, 'आता काढून टाकणार.' जेवणाच्या सुट्टीत, 'या वयात कोण नोकरी देणार, मुलीची फी कशी भरणार, मी बापच नालायक.' संध्याकाळी तो कुणाशी न बोलता घरी येऊन पडला. वहीत हे चार रकान्यांत उतरवायचं: काय घडलं, मनात काय आलं, मग वाटलं काय, आणि केलं काय. मग थेरपिस्ट विचारतात, "शेठ बोलले नाहीत, एवढंच घडलं ना? बाकीचं कुठून आलं?" सूत महाग झालं असेल, घरी भांडण झालं असेल, रात्री झोप झाली नसेल. लक्षात घ्या, 'सगळं चांगलंच होईल' असं मनाला पटवायचं नाही. खरंच चूक सापडली असेल अशीही शक्यता लिहायची, आणि तसं असेल तर उद्या काय करायचं तेही. पहिले काही आठवडे हे फार कृत्रिम वाटतं. नंतर कधीतरी विचार येत असतानाच 'हा तोच जुना' असं ओळखू यायला लागतं.

दुसरं काम वागण्यावर. गेल्या वेळी आजार येताना आधी काय काय सुटलं होतं, त्याची यादी करायची आणि त्यातल्या गोष्टी आठवड्यात ठरवून करायच्या. सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं फेरी, शनिवारी मित्राकडं बसणं, स्वतः भाजी आणणं. मन लागेल तेव्हा करू, असं म्हणायचं नाही. करत गेलं की मन मागून येतं. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर गेल्यावर फेरी पहाटेच काढा. दुपारची फेरी ठरवून ती मोडणं म्हणजे स्वतःला बोल लावायला फुकटचं कारण.

तिसरी पद्धत खास आजार उलटू नये म्हणूनच तयार झाली: सजगतेवर आधारलेली थेरपी. झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल यांनी ती रचली. मूळ रूपात गटाला आठवड्याला एक असे आठ वर्ग, प्रत्येक साधारण दोन तासांचा, आणि घरी रोजचा सराव. २००० साली आलेल्या पहिल्या मोठ्या चाचणीत तीन किंवा अधिक वेळा आजारी पडलेल्यांना तिचा स्पष्ट फायदा झाला, दोनदाच आजारी पडलेल्यांना तसा दिसला नाही. इथं विचारांशी वाद घालायचा नसतो. विचार आला, तो विचार आहे, खरं-खोटं काही असो, हे बघायचं आणि श्वासाकडं परत यायचं. पहिल्या वर्गात एकच मनुका बराच वेळ न्याहाळून, हुंगून, सावकाश खायला देतात. द्राक्षांच्या जिल्ह्यातल्या माणसाला याचं हसू येईल. येऊ द्या, पण करून बघा. मूठभर मनुके आपण बोलता बोलता तोंडात टाकतो आणि चव लागतच नाही, हे त्या दिवशी कळतं.

एक सावधगिरी. हा ध्यानाचा क्लास नव्हे, आणि यूट्यूबवरचं ध्यान म्हणजे ही थेरपी नव्हे. आजार ऐन भरात असताना किंवा जुना मोठा आघात मनात असेल तर डोळे मिटून बसल्यानं काहींना त्रास वाढतो. तसं झालं तर थांबा आणि थेरपिस्टला सांगा.

पाचवी पायरी: स्वतःचा कागद

सगळ्या थेरपीतून एकच वस्तू घरी न्यायची असेल तर मी हा कागद नेईन. त्यावर आजार परत येत असल्याच्या तुमच्या खुणा लिहायच्या. पुस्तकातल्या नाही, तुमच्या. कुणाला पहाटे साडेतीनला जाग येते. कुणी फोन उचलणं बंद करतं, कुणाची दाढी वाढते, कुणाला शेंगाचटणीसुद्धा बेचव लागते. गड्ड्याच्या जत्रेला पोरांना घेऊन जायचा कंटाळा येणं ही एखाद्याची खूण असेल, तर दुसऱ्याची, दरवर्षी हौसेनं जाणाऱ्याची, गर्दीत उगाच रडू येणं. गेल्या खेपेला सगळ्यात आधी काय बदललं, हे स्वतःला आठवत नाही. बायकोला, भावाला, कामावरच्या जोडीदाराला विचारा. त्यांनी ते आधी पाहिलेलं असतं.

खुणांच्या खाली धोक्याचे काळ लिहा: बाळंतपणानंतरचे महिने, रात्रपाळी, उसनवारी फेडायची तारीख, कुणाचं वर्षश्राद्ध, उकाड्यानं झोप उडवणारा उन्हाळा. आणि त्याखाली, खूण दिसली तर काय करायचं. एक खूण दिसली तर रात्रीची झोप आणि सकाळची फेरी सांभाळायची, दारू पूर्ण बंद, वही परत काढायची. दोन-तीन खुणा आठवडाभर टिकल्या तर थेरपिस्टला फोन. दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास किंवा कशातच रस नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांकडं. मरणाचे विचार आले तर त्याच दिवशी, वाट न बघता. प्रत्येक ओळीपुढं फोन नंबर हवा, कारण त्या दिवशी नंबर शोधण्याचं त्राण नसतं.

महिन्यातून एकदा पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची चाचणी भरत जा. ती फुकट आहे, मराठीतही मिळते. गुण शून्य ते २७. पाचच्या आत असाल तर ठीक. दहा किंवा त्यावर गेलात तर भेटायला जा. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथं शून्याखेरीज काहीही आलं, तर एकूण गुण कितीही कमी असोत, लगेच बोला. पण ही चाचणी रोज भरू नका. रोज नाडी बघणारा माणूस त्यानंच आजारी पडतो.

घरच्यांपैकी एकाला हा कागद दाखवून ठेवा. एकालाच, सगळ्यांना दाखवला की घरात पहारा बसतो. आणि बोलायचं कसं, तेही आधी ठरवा. "मनाला लावून घेऊ नका" किंवा "काय कमी आहे तुम्हाला" यानं माणूस आणखी मिटतो. त्यापेक्षा, "अहो, दोन-तीन दिवस तुम्ही फोन उचलेना झालाय. तो कागद काढू का?" एवढं पुरतं. असं विचारल्यावर चिडायचं नाही, हेही बरं असतानाच कबूल करून ठेवायचं.

सहावी पायरी: थेरपी संपवताना

ठरलेली सेशन संपली की एकदम तोडू नका. आठवड्याचं अंतर पंधरा दिवसांवर, मग महिन्यावर न्या. त्यानंतर तीन आणि सहा महिन्यांनी एखादं उजळणीचं सेशन मागून घ्या. खर्च झेपत नसेल तर तसं सांगा. काही थेरपिस्ट फी कमी करतात, काही सेशन लांबवतात. विम्याबद्दल एक खुलासा: २०१७ च्या कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे. पण ज्या पॉलिसीत फक्त दवाखान्यात दाखल होण्याचा खर्च मिळतो, तिच्यात बाहेर घेतलेल्या थेरपीचे पैसे सहसा मिळत नाहीत. पॉलिसीत ओपीडीचा खर्च धरलाय का, ते बघा.

आणि इतकं करूनही आजार उलटला तर? तर केलेलं वाया गेलं असं नाही. लवकर ओळखलं तर उपचारही लवकर सुरू होतात. त्यासाठी एक पातळ फाइल आत्ताच करून ठेवा: आधी कधी कधी आजारी होता ते महिने आणि वर्षं, कुठली गोळी किती डोसमध्ये लागू पडली, कुठलीनं त्रास झाला, कधी आणि कशी बंद केली, रक्ताचे रिपोर्ट, थेरपीची वही आणि तो कागद. सगळ्याचे फोटो मोबाइलमध्ये घ्या आणि ज्याला कागद दाखवलाय त्यालाही पाठवा. नवीन डॉक्टर असले तरी पहिल्या दहा मिनिटांत त्यांच्यासमोर सगळं असतं, आणि मागच्या वेळी लागू न पडलेली गोळी पुन्हा सुरू होत नाही.